झोळी, घोडियुं आणि खाट

सुरतेचे नाव काढले की परमुलखातल्या माणसाला जर, हिरे आणि घारी आठवते. आपणां मराठी मंडळींना १६६४ हे साल आठवते, आणि शेजारचे गुजराती गृहस्थ वर्षातून एकदा तरी तो विषय हसत हसत काढतातच. परंतु ज्यांच्या घरी पाळणा हलावयाचा आहे त्यांनी या शहरात एका निराळ्याच मालाची पाहणी करावी, असे मी सुचवीन. तान्ह्या बाळाला निजवावयाचे कशात, या एका प्रश्नाची येथे तीन उत्तरे मिळतात, आणि तिन्ही उत्तरे एकाच गावातल्या तीन निरनिराळ्या गावांतून येतात.

पहिले उत्तर आपलेच. तापी व्हॅली रेल्वे सुरतेहून खानदेशात पोहोचली ती विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर. त्या लोहमार्गाने अमळनेर, जळगाव, नंदुरबार, धुळे या बाजूंची कितीतरी कुटुंबे उधना, लिंबायत, दिंडोली, पांडेसरा या भागांत येऊन वसली. लिंबायतच्या एखाद्या गल्लीत दुपारी शिरावे. दारादारांत साड्यांचे ढीग, कुणी खडे चिकटवीत आहे, कुणी लेस लावीत आहे, कुणी भरतकामाच्या उलट्या बाजूचे धागे कापीत आहे; बोलणे अहिराणीत; आणि त्या ढिगाच्या वर, छताच्या कडीला बांधलेल्या जुन्या सुती लुगड्याच्या झोळीत मूल निजलेले. झोळीला दोरी, दोरीचे टोक आईच्या पायाच्या अंगठ्यात. हात कामात आणि पाय पाळण्यात. खालची ओल, मुंग्या, उंदीर यांच्यापासून मूल वर राहते. वाऱ्याची झुळूक लागते. आणि दहा बाय दहाच्या खोलीत जमिनीची तसूभरही जागा अडत नाही. झोळीला मागासलेली म्हणून नाक मुरडणाऱ्यांनी त्या खोलीत एक दिवस काढून पाहावा.

दुसरे उत्तर जुन्या शहरातले. गोपीपुरा, हरिपुरा, महिधरपुरा या बाजूंच्या जुन्या लाकडी घरांत पाहाल तर झोळी तीच, पण तिला घर मिळालेले दिसेल. दोन बाजूंना कातकाम केलेले पाय, वर आडवा दांडा, दांड्याला आकड्यांनी टांगलेले कापडी खोयुं, आणि बाळाच्या नजरेसमोर लाकडी पोपट नि मोर. हे घोडियुं. पहिलटकरणीला बाळासह सासरी धाडताना माहेरचे लोक जे देतात त्याला गुजरातीत जियाणुं म्हणतात. दागिने, कपडे, खेळणी यांबरोबर त्यात घोडियुंही असते. आपल्याकडे तरी वेगळे काय आहे? पाळणा मामाच्या घरचा, ही समजूत तापीच्या दोन्ही अंगांना सारखीच.

माझ्या धाकट्या मुलीचे सासर गोपीपुऱ्यातले. विहीणबाई पिढ्यान्‌पिढ्यांच्या सुरती. स्वभावाने मोकळ्या आणि मताने पक्क्या. मुलीला सातवा महिना लागला तेव्हा त्या म्हणाल्या, "बेन, बीजुं जे आपो ते, पण घोडियुं तो सागनुं ज जोईए." साग म्हणताच सुरतकरांच्या डोळ्यांपुढे डांगचे जंगल येते. तेथला साग वलसाडी साग या नावाने ओळखला जातो, आणि तो बाहेर काढता यावा म्हणूनच गायकवाड सरकारने बिलिमोरा ते वघई ही छोटी गाडी १९१३ च्या सुमारास सुरू केली. आता बाजारात कांडल्याला उतरलेला परदेशी सागही पुष्कळ असतो, आणि दुकानदाराच्या तोंडी दोहोंचे नाव सागच.

विहीणबाईंना मात्र नुसता साग नको होता, संखेड्याचा हवा होता. म्हणून आम्ही दोघी बडोद्यावरून संखेड्याला गेलो. हे गाव ओरसंग नदीच्या काठी, पूर्वी गायकवाडी मुलखात. २०१३ पासून ते छोटा उदेपूर जिल्ह्यात मोडते. गावातले खरादी-सुतार चरकावर सागाचे पाय, दांडे, लाटा कातून काढतात. त्यावर कथलापासून केलेल्या रुपेरी रंगाने वेलबुट्टी काढतात आणि मग फिरत्या लाकडावर लाखेची कांडी टेकवतात. घर्षणाच्या उष्णतेने लाख वितळून सर्वांगावर पसरते, आणि तिच्याखालची रुपेरी नक्षी पाहता पाहता सोन्याची होते. ही किमया मी तीनदा पुन्हा पुन्हा करून दाखवावयास लावली. कारागीर कंटाळला नाही. पुढे केवड्याचे पान आणि अकीकाचा दगड यांनी घोटून झिलई आणतात. घोडियाचा भाग न्‌ भाग सुटा होतो, पोत्यात बांधून गाडीवर टाकता येतो. तीस-चाळीस वर्षांपूर्वीची घोडियां लाख पुन्हा चढवून घेण्यासाठी येथे येतात, हे पाहून मला फार बरे वाटले. २००६ च्या ऑगस्टमध्ये तापीचा पूर अडाजण-रांदेरच्या घरांत शिरला तेव्हा भुशाच्या नि प्लायवुडच्या कपाटांचे काय झाले ते सुरतेत कुणाला सांगावे लागत नाही.

एक गोष्ट तेथे विचारून घेतली, आपणही घ्यावी. मूल दात येताना हाताला लागेल ते चावते, तेव्हा रंगात शिसे असता कामा नये. घरगुती रंगांतल्या शिशाचे प्रमाण दहा लाखांत नव्वद भागांच्या आत ठेवावे, हा नियम आपल्या देशात २०१६ साली झाला आणि २०१७ च्या नोव्हेंबरपासून लागू आहे. हल्ली संखेड्याच्या सामानावर लाखेऐवजी तयार रंगही चढवलेले असतात. त्या वेळी कोणता डबा उघडला होता एवढे विचारणे काही उद्धटपणाचे नाही.

घोडियाची मागणी नोंदवून आम्ही परतलो. आता हा विषय संपला असे मला वाटले होते. पण तिसरे उत्तर घरात मुलीच्या उशाशी वाट पाहत बसले होते. डॉक्टरांनी तिला शस्त्रक्रियेने प्रसूती करावी लागेल असे सांगितले होते. ती म्हणाली, "आई, टाके असताना रात्री चारदा उठून, वाकून, झोळीतून बाळ कसं काढू? मला माझ्या पलंगाला लागून खाट हवी. हात लांबवला की बाळ."

बालरोगतज्ज्ञ बाईंनी तिची बाजू घेतली, आणि कारणे अशी सांगितली की विहीणबाईही गप्प झाल्या. नवजात बाळाचे डोके शरीराच्या मानाने जड, मान दुबळी. झोळीचा पाट गोल. त्यात बाळ वाकते, हनुवटी छातीवर टेकते, आणि श्वासाची वाट अरुंद होते. जागी आई समोर बसलेली असताना ते लगेच दिसते, रात्री अंधारात दिसत नाही. म्हणून रात्रीची झोप सपाट, घट्ट गादीवर आणि पाठीवर. अमेरिकेत बाळांना पाठीवर निजवण्याची मोहीम १९९४ साली सुरू झाली, आणि झोपेत अचानक दगावणाऱ्या बाळांचे प्रमाण पुढे सुमारे निम्म्यावर आले. तेथील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली आणि पुन्हा २०२२ साली सांगितले की पहिले सहा महिने तरी बाळ आईच्याच खोलीत, पण स्वतःच्या वेगळ्या अंथरुणावर निजावे. दहा अंशांहून अधिक उताराच्या बाळशय्या विकण्यावर तर तेथे २०२२ साली कायद्यानेच बंदी आली.

आईच्या कुशीत निजलेली आपली सारी पिढी मोठी झालीच ना, असे कुणी म्हणेल. विहीणबाई म्हणाल्याच. त्यावर बाई शांतपणे म्हणाल्या, "जी झाली ती आपल्याला दिसतात, माजी." त्यानंतर बराच वेळ कुणी बोलले नाही. आमच्या घराण्यात माझ्या सासूबाईंचे एक मूल महिन्याचे होऊन रात्रीत गेले होते. 'नजर लागली' एवढेच त्याचे कारण घरात सांगितले जाई. कारण खरे कोणते ते आज कोण सांगणार?

तेव्हा आम्ही खाट पाहावयास निघालो. स्टेशनाकडून भागळवरून चौकाकडे जाणारा राजमार्ग आणि पलीकडे अडाजणची मोठी काचेची दुकाने, असे दोन दिवस पालथे घातले. माल पुष्कळ. विजेवर आपोआप हलणारे पाळणे, गाणी म्हणणारे पाळणे, मच्छरदाणीसकट घडी होणारे पाळणे. पलंगालगत लावावयाची खाटही होती: तीन बाजूंना कठडा, चौथी बाजू आईकडे उघडी, उंची कमीजास्त करण्याची सोय. दिसावयास देखणी. पण तिचे पाय पलंगाखाली सरकावे लागतात, आणि आपल्या घरांतले पलंग पेटीचे! खाली गाद्या, रजया, लग्नातली भांडी. जमिनीपर्यंत लाकूडच लाकूड, मग पाय सरकणार कुठे? पाय बाहेर राहिले तर खाट आणि पलंग यांमध्ये चार बोटांची फट पडते, आणि तान्ह्या बाळाला तेवढी फट विहिरीसारखी. दुकानातल्या मुलाने त्या फटीत उशी कोंबून दाखवली. मऊ उशी आणि फट, दोन्ही एकदम! आम्ही तेथून बाहेर पडलो.

एका आप्तांनी अमेरिकेहून आणलेली जुनी खाट देऊ केली. तिचा एक कठडा खालीवर सरकणारा होता. अशा कठड्यांत बाळे अडकल्यामुळे त्यांची विक्री तिकडे २०११ साली बंद झाली आहे. त्यांना आभार सांगून आम्ही नकार कळवला. त्यांना थोडे वाईट वाटले असावे.

शेवटी रुस्तमपुऱ्याच्या बाजूच्या एका मिस्त्रींना घरी बोलावले. वय सत्तरीचे, कानावर पेन्सिल. त्यांनी आधी पलंगाचे माप घेतले, आणि मग मुलीला म्हणाले, "दीकरी, तुं बेस तो." ती बसली, कापसाची गादी दीड इंच दबली. मिस्त्रींनी दबलेल्या गादीची उंची लिहून घेतली. दुकानातल्या कोणत्याही कागदावर हे माप नव्हते. खाटेला चार भक्कम पाय. पलंगाच्या पेटीला दोन लोखंडी पट्ट्यांनी आणि बोल्टांनी जखडण्याची योजना, म्हणजे फट नाहीच. आईकडची बाजू चार इंच उंच, म्हणजे बाळ लोळून आईच्या अंथरुणात येणार नाही आणि आईची रजई त्याच्या तोंडावर जाणार नाही. कठड्याच्या दोन गजांमधले अंतर सहा सेंटिमीटरांच्या आत. याहून अधिक असेल तर बाळाचे धड निसटते आणि डोके अडकते. वर नक्षीचे टोक, कळस, काही नाही. मिस्त्रींना दोन मोर कोरावयाचे होते. त्यांची समजूत काढणे संखेड्याच्या प्रवासाहून अवघड गेले.

गादी पिंजाऱ्याकडून नव्या कापसाची करावी असे माझ्या मनात होते, परंतु नवा पिंजलेला कापूस बाळासाठी फार मऊ. काथ्याची पातळ, कडक गादी खाटेच्या मापाने कापून घेतली. कडेला दोन बोटेही शिरता कामा नयेत. मोहरीची उशी विहीणबाईंनी शिवून ठेवली होती, डोके गोल व्हावे म्हणून. ती खाटेत ठेवली नाही. मच्छरदाणी मात्र हवीच, सुरतेचे डास कुणाला मानीत नाहीत. ती कठड्याच्या बाहेरून, ताणून.

खाट आठव्या महिन्यातच तयार झाली आणि तेथे नवाच पेच पडला. जन्माआधी पाळणा घरात आणावयाचा नाही, हे दोन्ही घरांना मान्य. मुलीने वाद घातला नाही, मीही घातला नाही. दीड महिना ती खाट मिस्त्रींच्या वखारीत जुनी चादर पांघरून उभी राहिली. त्यामुळे तेलाच्या पॉलिशचा वासही उडून गेला. मुलीला इस्पितळातून सोडण्याच्या दिवशी सकाळी मिस्त्री स्वतः आले, बोल्ट आवळले, खाटेवर आपला सारा भार टाकून पाहिला आणि मजुरीचे पैसे खिशात घालताना 'छोकरी के छोकरो?' असे विचारले. छोकरी.

बाराव्या दिवशी बारसे झाले, ते संखेड्याच्या घोडियात. आपल्याकडचे पाळणे म्हटले, गुजराती आत्याबाईंनी नाव ठेवले, अळिवाच्या लाडवांशेजारी काटल्याचे लाडू मांडले गेले. घोडियुं आता दिवसा दिवाणखान्यात असते, आणि कुणीतरी दोरी धरून समोर बसलेले असते, बहुधा विहीणबाई. डोळा लागला की बाळाला उचलून खाटेत ठेवावयाचे, एवढा करार आहे. आजीला हे उचलणे जिवावर येते, पण करार त्या पाळतात.

पलंगालगतची खाट फार दिवसांची सोबतीण नव्हे. बाळ हातागुडघ्यांवर उचलू लागले, म्हणजे पाचव्या-सहाव्या महिन्याच्या सुमारास, चार इंचांची ती उघडी बाजू पुरत नाही. हे ठाऊक असल्यामुळे मिस्त्रींनी चौथा कठडा आधीच करून ठेवला आहे. तो बसवला की तीच खाट पलंगापासून सुटी होऊन आणखी दीड-दोन वर्षे चालेल. बाळाला परवा चौथा महिना लागला. कठडा सध्या माळ्यावर आहे, आणि लिंबायतच्या आमच्या पुतणसुनेने, तिला दिवस गेले आहेत, खाटेचे माप एका दोरीवर गाठी मारून नेले आहे. तिच्या घरी पलंग नाही. गादी जमिनीवर असते. मिस्त्री म्हणाले, पाय कापू, बीजुं शुं?