शेवटची कळलेली तारीख

कर्करोगाच्या संशोधनात संगणक काय करतो, असं कुणी विचारलं की हल्ली उत्तर ठरलेलं असतं: कृत्रिम बुद्धिमत्ता. स्कॅन वाचणारी, जनुकांच्या राशी चाळणारी. ते काम मोठं आहे, पण माझं नाही. मी कर्करोगावरच्या उपचारचाचण्यांची माहिती सांभाळते. प्रत्येक रुग्णामागे शेकडो रकाने भरावे लागतात, तरी माझ्या लेखी सगळ्यात मोलाचा रकाना एकच आहे: हा माणूस जिवंत असल्याचं आपल्याला शेवटचं कधी कळलं?

तोंडाच्या कर्करोगाचं उदाहरण घ्या. तंबाखू, मिश्री, गुटखा यांनी हा आजार आपल्याकडे किती पसरवला आहे ते वेगळं सांगायला नको. आजार सुरुवातीचा असेल आणि मानेत हाताला काही लागत नसेल, तर मानेतल्या लसिकाग्रंथी पहिल्याच शस्त्रक्रियेत काढाव्यात, की तिथे आजार दिसला तरच काढाव्यात? या प्रश्नावर शल्यविशारदांमध्ये कित्येक वर्षं दोन तट होते. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयात डॉ. अनिल डिक्रूझ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्यावर चाचणी घेतली. २००४ ते २०१४ या काळात ५९६ रुग्ण तीत दाखल झाले. माहितीवर देखरेख ठेवणाऱ्या समितीच्या निर्णयानुसार पहिल्या ५०० जणांचे निष्कर्ष २०१५ मध्ये प्रसिद्ध झाले. ग्रंथी आधीच काढलेल्यांपैकी तीन वर्षांनी ८० टक्के हयात होते, वाट पाहिलेल्यांपैकी ६७.५ टक्के. शंभरामागे बारा-तेरा माणसांचा हा फरक जगभरच्या शल्यविशारदांनी लक्षात घेतला.

हे टक्के तारखांमधून निघतात. कॅप्लन आणि मायर या दोन संख्याशास्त्रज्ञांनी १९५८ मध्ये दिलेली रीत आम्ही आजही वापरतो. तिच्यात जो रुग्ण जितके दिवस आपल्या नजरेत होता, तितके दिवस त्याची गणना होते. पुढचं ठाऊक नसेल तर तिथून तो हिशेबाबाहेर जातो. रीत उत्तम आहे, पण ती एक गोष्ट गृहीत धरते: दिसेनासे झालेले रुग्ण आणि येत राहिलेले रुग्ण यांच्या नशिबात फार फरक नाही. प्रत्यक्षात कुणी बरं वाटतंय म्हणून येणं बंद करतो, तर कुणी प्रवास झेपत नाही म्हणून. एका गटातले दुसऱ्या प्रकारचे रुग्ण जास्त निसटले, तर तो उपचार आहे त्यापेक्षा चांगला दिसू लागतो. कितीही भारी सॉफ्टवेअर आणा, न भरलेली तारीख त्याला भरता येत नाही.

बाकीच्या कामात संगणकानं आमची मोठी सोय केली आहे. कोणता रुग्ण कोणत्या गटात जाणार, हे पूर्वी बंद पाकिटात असायचं, आणि पाकीट उजेडासमोर धरून आतलं वाचल्याचे प्रकार जगात नोंदले गेले आहेत. आता रुग्णाची नोंद पक्की झाल्याशिवाय सर्व्हर गट सांगतच नाही. कागदावर चूक दुरुस्त करताना एक रेघ मारून शेजारी सही-तारीख घालायची असा नियम होता. संगणकात जुनी नोंद, नवी नोंद, बदलणारा आणि बदलाची वेळ हे सगळं आपोआप राहतं. रक्तदाबाच्या जागी वजन टाइप झालं तर स्क्रीन तिथल्या तिथे अडवते.

अडतं ते रुग्णालयाच्या दाराबाहेर. बिहार, झारखंड, आसामहून आलेलं कुटुंब दादरच्या धर्मशाळेत उतरतं आणि पत्ता विचारला की तोच सांगतं. मोबाइल नंबर पुतण्याचा असतो, आणि वर्षभरात पुतण्याचं सिमकार्ड बदलतं. म्हणून आमच्या फॉर्ममध्ये गावाकडचा पत्ता, दोन-तीन नातेवाइकांचे नंबर आणि शक्यतो गावातल्या डॉक्टरचं नाव हे रकाने पहिल्याच दिवशी भरून घ्यावे लागतात; सहा महिन्यांनी ते भरायला कुणी समोर नसतं. तारीख मिळते तीही ‘पोळ्याच्या दोन दिवस आधी’ किंवा ‘छटपूजा झाल्यावर’ अशी. मी तिला अर्धवट माहिती मानत नाही. त्या वर्षीचं पंचांग उघडलं की पोळ्याची तारीख सापडते. ‘मागच्या वर्षी कधीतरी’ यापेक्षा ती कितीतरी पक्की असते, फक्त ती तशी लिहून घेणारं माणूस हवं.

या कामाचा मला सर्वांत आदर वाटणारा नमुना बार्शीचा आहे. भारतातली पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी तिथे १९८७ मध्ये सुरू झाली. रुग्ण दवाखान्यात येईल आणि मग नोंद होईल, ही पद्धत खेड्यात चालणार नव्हती. नोंदणीचे कार्यकर्ते स्वतः गावोगाव जात, लोकांना लक्षणं समजावून सांगत, आजारी आणि मृत माणसांची चौकशी करत. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलेलं नसे, तेव्हा ते घरच्यांशी बोलून काढावं लागे. हाच अनुभव शेजारच्या तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात कामी आला. तिथे ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रियांना गावांच्या समूहांनुसार चार गटांत विभागून गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तीन तपासण्या तोलल्या गेल्या. २००९ मध्ये निष्कर्ष आले: एचपीव्ही विषाणूची तपासणी मिळालेल्या गटात या कर्करोगानं ३४ मृत्यू, तपासणी न मिळालेल्या, जवळपास तेवढ्याच मोठ्या गटात ६४. त्या चौथ्या गटाला तपासणी का दिली नाही, यावर पुढे नैतिक प्रश्न उभे राहिले, आणि ते विचारायलाच हवे होते. पण हे दोन आकडे मिळाले ते जिल्ह्यातल्या कर्करोगाच्या आणि मृत्यूच्या नोंदी या स्त्रियांच्या यादीशी जुळवता आल्या म्हणूनच.

नोंदी जुळवणं म्हणजे माझ्या विषयाचा गाभा. यादीतली स्त्री माहेरच्या नावानं, दाखल्यावरची सासरच्या. वय अंदाजे. आडनाव शिंदे, गाव तेच, आणि त्या गावात शिंदे वीस. रोमन लिपीत उतरवताना लक्ष्मीची दोन-तीन रूपं होतात. नावांच्या उच्चारावरून जुळणी करणारी साउंडेक्स नावाची जुनी अमेरिकी पद्धत पहिलं अक्षर कायम धरते. त्यामुळे मराठी माणसानं ‘डी’नं आणि हिंदी भाषकानं ‘जी’नं लिहिलेला ज्ञानेश्वर तिला दोन वेगळी माणसं वाटतो. म्हणून नाव, वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव, गाव, वय या प्रत्येकाला वेगळं वजन देऊन एकूण शक्यता काढावी लागते, आणि मधल्या संशयास्पद जोड्या माणसानंच पाहाव्या लागतात. आपल्या नावांसाठी, आपल्या लिपीत चालणारी अशी साधनं बांधणं हे मराठी संगणकतज्ज्ञांपुढचं खरं संशोधन आहे. अंदाज वर्तवणाऱ्या यंत्रांवर होणाऱ्या खर्चातला छोटा वाटा जरी इकडे वळला, तरी ती यंत्रंसुद्धा सुधारतील. ती शिकतात ती याच नोंदींवर.

जुळणी जितकी अचूक, तितकी गुप्ततेची जबाबदारी वाढते. कित्येक घरांत आजाराचं नाव शेजाऱ्यांना सांगितलेलं नसतं, कधी खुद्द रुग्णालाही नसतं. फोन कुणी उचलला हे कळेपर्यंत रुग्णालयाच्या नावापुढचा ‘कॅन्सर’ हा शब्द उच्चारायचा नाही, ही शिस्त माहितीच्या गुप्ततेच्या कायद्याच्या आधीपासूनची आहे. विश्लेषण करणाऱ्याला नाव दिसतच नाही, फक्त क्रमांक दिसतो. नाव आणि क्रमांक जोडणारी यादी वेगळ्या जागी, मोजक्या माणसांच्या हाती असते.

डेन्मार्कमध्ये १९६८ पासून प्रत्येक नागरिकाला एक क्रमांक आहे. कर्करोगाची नोंद आणि मृत्यूची नोंद त्यावरून जोडली जाते, त्यामुळे रुग्ण भेटीला आला नाही तरी चाचणीचा हिशेब अडत नाही. आपल्याकडे २०२३ च्या कायदादुरुस्तीनं जन्म-मृत्यूच्या नोंदींचा राष्ट्रीय संग्रह ठेवण्याची तरतूद झाली आहे. रुग्णानं चाचणीत शिरताना दिलेल्या संमतीच्या आधारावर, नैतिकता समितीच्या परवानगीनं, फक्त हयातीची तारीख या संग्रहातून मिळण्याची वाट संशोधकांना हवी. नाव-गाव कुणाला कळण्याची गरज नाही.

तोपर्यंत फोनच आहे. वाचकांपैकी कुणाच्या घरचं माणूस अशा चाचणीत असेल किंवा पूर्वी असेल, तर नंबर किंवा पत्ता बदलल्यावर त्या विभागाला जरूर कळवा. आणि ते माणूस आता नसलं, तरी आमचा फोन आल्यावर ठेवून देऊ नका. दिवस नेमका आठवत नसेल तर जवळचा सण सांगा.