माझ्या आजीची जाऊ

दिवाळीच्या सुट्टीत मी कोयनानगरला येतो तेव्हा बरोबर कपड्यांची एक आणि कोशांच्या दोन पिशव्या असतात. हिच्या मते हे प्रमाण उलटे असायला हवे. पण मराठीच्या प्राध्यापकाला काहीतरी व्यसन हवेच. मला शब्दांची कुळी काढण्याचे आहे. माझे विद्यार्थी याला 'सरांचे भूत' म्हणतात, आणि परीक्षेत ते विचारले जात नाही अशी खात्री पटली की शांतपणे ऐकूनही घेतात.

हे भूत मानगुटीवर बसले ते पुण्यात एम. ए. करीत असताना. भाषाशास्त्राच्या पेपरासाठी कृ. पां. कुलकर्ण्यांचा १९४६ सालचा 'मराठी व्युत्पत्ति कोश' चाळावा लागे, आणि त्याच सुमारास एका मित्राच्या नादाने मी संध्याकाळचा रशियनचा वर्ग लावला होता. रशियन मला आली नाही ती नाहीच. पण एके दिवशी बाईंनी आकडे शिकवले आणि दोनशेला 'द्वेस्ती' म्हणून सांगितले. मी वहीत शेजारी 'दोनशे' लिहिले आणि त्या दोन शब्दांकडे पाहतच राहिलो. पुढे आगीला 'अगोन्', मधाला 'म्योद', भुवईला 'ब्रोव्' असे एकेक पाहुणे वहीत येऊ लागले. पाहुणे कसले, घरचीच माणसे ती!

नुसत्या आवाजाच्या सारखेपणावर मात्र जाऊ नये. रशियन माणूसही चहाला 'चाय'च म्हणतो, पण म्हणून तो शब्द काही आपल्या दोघांच्या पणजोबांचा नव्हे. तो चीनमधून आला. त्यांनी तिकडून उचलला, आपण इकडून. वारशाच्या शब्दाची खूण वेगळी. तिथे आवाज सारखा नसला तरी चालतो, त्याच्या बदलण्याला नियम मात्र हवा. संस्कृतात जिथे 'ह' दिसतो तिथे स्लाव भाषांत पुष्कळदा 'झ' सापडतो. म्हणून 'हिम' हे तिकडे 'झिमा', म्हणजे हिवाळा. आणि 'वह्', ज्याच्यापासून आपले वाहणे, ते तिकडे 'वेझ्ती'. कानाला न पटणारी नाती अशी नियमाने पटतात. नियम मोडणारेही निघतात. श्वशुराला त्या भाषांत नियमाप्रमाणे 'स'ने यायला हवे होते, पण रशियन सासरा 'क' घेऊन आला आणि 'स्व्योकर' झाला. पंडितांनी त्याच्यावर पुष्कळ शाई खर्च केली आहे. सासराच तो, सरळ कसा वागेल?

तर या सासरच्या मंडळींपाशीच मी अडकलो. सासू तिकडे 'स्विक्रोव्', दीर 'देवेर'. हा दीर आपल्याकडे गाथासप्तशतीच्या महाराष्ट्री प्राकृतात 'दिअर' होऊन वावरतो. आणि जाऊ! संस्कृतात 'यातृ' म्हणजे दिराची बायको. यात्रेची जत्रा झाली, तशी यातृची जाऊ झाली. जुन्या रशियनमध्ये ती 'यात्रोव्' होती. आता तिथे हा शब्द जवळजवळ विसरला गेला आहे. सर्बियात मात्र ती अजून 'येत्र्वा' आहे, बल्गेरियात 'एतर्वा'. इंग्रजीने नणंद, जाऊ, मेहुणी, वहिनी यांना एकाच 'सिस्टर-इन-लॉ'च्या बाकावर बसवले. सर्बियातल्या शेतकरणीला आणि पाटण तालुक्यातल्या शेतकरणीला मात्र आपल्या दिराच्या बायकोसाठी, काही हजार वर्षांपूर्वी एकाच घरातून निघालेला, स्वतंत्र शब्द आहे.

हे सगळे मी एका दिवाळीत आजीला सांगितले. ती ओसरीवर नाचणी पाखडीत होती. माक्स फास्मर या पंडिताने रशियन शब्दांचा व्युत्पत्तिकोश १९३८ साली लिहायला घेतला, १९४४च्या जानेवारीत बर्लिनमध्ये बॉम्ब पडून त्याचे ग्रंथ नि टिपणे जळाली, हेही सांगितले. तिने सूप थांबवून विचारले, "मंग परत लिवलं का न्हाई त्यानं?" लिहिले, म्हटले, १९५० ते १९५८ या काळात तीन खंड निघाले. तिने मान डोलावली आणि पुन्हा सूप हलवू लागली. येत्र्वेचे तिला काही विशेष वाटले नाही. "माझी जाऊ सोलापुराकडं गेली," एवढेच म्हणाली.

ही हकीकत आमच्या घरात सर्वांना पाठ आहे. आमचे गाव शिवसागराच्या पाण्याखाली आहे. धरणाचे काम पुरे होत आले, पाणी चढू लागले, तेव्हा थोरल्या आजोबांनी सोलापूर जिल्ह्यात मिळालेली जमीन घेतली, आणि माझे आजोबा धरणावर मजुरी करीत होते ते इथेच राहिले. एका चुलीवर बारा वर्षे रांधणाऱ्या दोघी जावा अशा दोन मुलखांत गेल्या. त्यातून निघताना तांब्याच्या एका हंड्यावरून भांडण झाले. हंडा सोलापूरच्या बैलगाडीत चढला आणि दोघींचे बोलणे बंद झाले.

मग ११ डिसेंबर १९६७ची पहाट आली. कोयनेच्या त्या भूकंपाने पावणेदोनशेच्या आसपास माणसे नेली. आमची माणसे वाचली, भिंती राहिल्या नाहीत. चौथ्या दिवशी थोरली जाऊ एस. टी. बदलत बदलत कराडला आणि तिथून मिळेल त्या वाहनाने इथे येऊन उभी राहिली. कमरेला गाठोडे, त्यात ज्वारीच्या कडक भाकरी आणि शेंगदाण्याची चटणी. आठ दिवस ती आजीबरोबर उघड्यावर निजली. हंड्याचा विषय निघाला नाही. "ती बी काडली न्हाई, म्या बी काडली न्हाई," आजी सांगे. त्यानंतर दोघींची भेट दोनदा-तीनदाच झाली असेल. पुढे एके दिवशी पोस्टकार्ड आले, आणि आजीने दहा दिवस सुतक धरले.

मी आजीला विचारले, "तू तिला हाक काय मारायचीस?"

"आक्का."

"मग आता 'जाऊ, जाऊ' का म्हणतेस?"

"आता आक्का म्हणून हाक कुणाला मारू? ती हितं हाय व्हय?"

माझ्या दोन पिशव्यांतल्या एकाही कोशात मला हे सापडले नव्हते. विचार करून पाहा, सासूला समोर कोणी 'सासू' म्हणत नाही. आमच्याकडे ती आत्याबाई, सासरा मामंजी, दीर भावोजी. शहरात आई-बाबा, हल्ली मम्मीसुद्धा. हाक मारायचे शब्द पिढीगणिक लुगड्यासारखे बदलतात. जे नाते हजारो वर्षे जसेच्या तसे उच्चारले गेले, ते पाठीमागे, माणूस समोर नसताना. विहिरीवर, दळताना, माहेरी आल्यावर: "माझी जाऊ अशी, माझा दीर तसा." रशियन सुनाही विहिरीवर हेच करीत असणार. आजीला चाळीस वर्षे तेवढाच शब्द उरला होता. हा शास्त्रीय सिद्धांत नव्हे. एका प्राध्यापकाची समजूत म्हणून घ्यावी.

मी एकुलता एक, त्यामुळे हिला जाऊ नाही. आमचीही एकच मुलगी. परभाषेच्या आक्रमणाने शब्द मरतो म्हणून आम्ही मराठीवाले सभा भरवतो. पण घरात दुसरा मुलगाच नसेल तर जाऊ कुठून येणार?

गेल्या मे महिन्यात सोलापूरकडच्या चुलतभावाच्या मुलीचे लग्न होते. आजी आता नाही. मांडवात भावाच्या बायकोने हिचा हात धरून बायकांना सांगितले, "ह्या माझ्या जाऊबाई, कोयनेच्या." हिचा चेहरा असा काही खुलला की मी दागिन्यांच्या दुकानातही पाहिला नव्हता. दारात पाहुण्यांचे पाय धुवायला तांब्याचा हंडा मांडला होता. काठाला पोचा आलेला, पण चिंचेने घासून लखलखीत केलेला. हिने विचारले, "केवढा छान! जुना दिसतोय?"

"आमच्या थोरल्या आजींचा," जाऊबाई म्हणाल्या.

मी वाकून पायांवर दोन तांबे पाणी घेतले आणि आत गेलो.