मध्ये एक देश लागतो

वडोदऱ्याहून निघताना आईने बॅगेत काय भरलं होतं ते मला अजून पाठ आहे. डिंकाचे लाडू, बाळंतशोपा, जुन्या मऊ साडीची चार दुपटी. टोरांटोला ताईचे दिवस भरत आले होते. आई-बाबांच्या पासपोर्टवर कॅनडाचा व्हिसा होता. तिकिटं मी काढली होती. अमेरिकेत विमान बदलून जाणारं तिकीट माणशी अठरा हजारांनी स्वस्त मिळालं, म्हणून मी स्वतःवर खूश होतो.

मुंबईच्या टर्मिनल 2 मध्ये तिकिटाशिवाय आत सोडत नाहीत. मी काचेबाहेर उभा. वीस मिनिटांनी बाबांचा फोन आला, "अरे, इथली मुलगी अमेरिकेचा व्हिसा मागतेय."

"पण तुम्ही अमेरिकेला जातच नाही आहात! नुसतं विमान बदलायचंय."

"तेच सांगितलं. ती म्हणते, तरी लागतो."

ती बरोबर होती. अमेरिकेत परदेशातून उतरणाऱ्या प्रत्येकाला, पुढचं विमान तासाभरात असलं तरी, इमिग्रेशनमधून जावंच लागतं. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर ट्रान्झिटचा 'सी-1' किंवा पर्यटनाचा व्हिसा हवाच. ज्या देशांना व्हिसा माफ आहे, त्यांच्या नागरिकांनाही 2009 पासून 'एस्टा' ही ऑनलाइन परवानगी आधी घ्यावी लागते. आपल्याला तीही सोय नाही. कागद नसलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो, त्याला परतही आणावं लागतं. म्हणून अडवणूक इथेच, काउंटरवर होते.

रात्री एक वाजता दोघं ट्रॉली ढकलत बाहेर आले. आई काही बोलली नाही. ती बोलली असती तर बरं झालं असतं.

डोंबिवलीला मावशीकडे दोन रात्री काढल्या. वाचवलेल्या पैशांच्या तिप्पट घालून लंडनमार्गे नवीन तिकीट काढलं. या वेळी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावरचा नियम आधी वाचला. भारतीय पासपोर्टवर लंडनला विमान बदलायलाही एरवी ट्रान्झिट व्हिसा लागतो. पण कॅनडा, अमेरिका, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असेल तर त्यातून सूट आहे. आई-बाबांना ती मिळाली.

हीथ्रोवर विमान बदलणाऱ्यांसाठी जांभळ्या पाट्या असतात. 'जांभळं सोडू नका,' एवढंच मी बाबांना लिहून दिलं होतं. त्या पाट्यांच्या मागे चालत असतानाच जावयांचा मेसेज आला : मुलगा झाला, दोघं सुखरूप. आई तिथेच एका खुर्चीवर बसली, असं बाबा सांगतात. ताईला कळा सुरू झाल्या तेव्हा आई तिच्याजवळ असायची होती. ती होती एका अशा देशात, जिथे तिला काहीच काम नव्हतं.

या उन्हाळ्यात ताई भाच्याला घेऊन पहिल्यांदा वडोदऱ्याला आली. मायलेकांचे पासपोर्ट वेगळे : तिचा भारतीय, सोबत कॅनडाचं पीआर कार्ड, त्याचा कॅनडाचा. एका तिकिटात लंडनला रात्रभराचा मुक्काम होता. हॉटेलात जायचं, म्हणजे सीमा ओलांडायची. मग एवढ्याशा पोरालाही स्वतःचा 'ईटीए' लागतो. हा नियम कॅनडाच्या नागरिकांना जानेवारी 2025 पासून लागू झाला. ताईला बाहेर सोडायचं की नाही, ते तिथल्या अधिकाऱ्याच्या हातात. विमानतळाच्या आतच राहिलं तर दोघांनाही काही नको. आम्ही चार तासांच्या थांब्याचं तिकीट घेतलं.

आता कुणाचंही तिकीट काढताना मी चार गोष्टी बघतो. मधल्या देशात इमिग्रेशन ओलांडावं लागतं का? सामान थेट शेवटपर्यंत जातं का? दोन वेगळी तिकिटं असली तर बहुधा ते बाहेर येऊन घ्यावं लागतं, आणि मग सगळा नियमच बदलतो. विमानतळ तोच आहे की हीथ्रोवर उतरून गॅटविकहून निघायचंय? आणि प्रत्येकाचा पासपोर्ट कुठला? घर एक असलं तरी नियम माणसागणिक वेगळा. कॅनडातून अमेरिकेला जाणाऱ्या भारतीयालाही कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. तो फुकट असतो, पण आधी काढावा लागतो. नियम बदलत राहतात, म्हणून तिकिटाआधी एकदा आणि निघण्याआधी पुन्हा एकदा, त्या देशाच्या सरकारी संकेतस्थळावरच पाहावं.

आपल्यापैकी बहुतेक घरांत आई-बाबांची तिकिटं आता आपणच काढतो. ते विश्वासाने पासपोर्ट हातात देतात आणि लाडू वळायला घेतात.

भाचा आला त्या दिवशी आईने ती दुपटी बाहेर काढली. पोरगं आता पळतं, दुपट्यात मावत नाही. तरी तिने त्याला एकदा गुंडाळून मांडीवर घेतलंच.