परकायाप्रवेश

शिक्षकाची नोकरी संपली म्हणजे त्याचे डोळे आणि त्याचीं बोटें हींही हळूहळू निवृत्तीचा अर्ज करूं लागतात, असा आमचा अनुभव आहे. ३४ वर्षें खडू धरलेल्या आमच्या बोटांस मोबाईलच्या कांचेवरील तांदळाएवढीं अक्षरें कांहीं केल्या साधेनात. 'आशीर्वाद' लिहावयास जावें तों भलताच शब्द उमटे, व तो तसाच आप्तांकडे रवानाही होई. ज्या बारामतींत मोरोपंतांनीं अठराव्या शतकांत आर्या रचिल्या, तेथें राहून अशी मराठी लिहावी याची आम्हांस लाज वाटे.

आमचा पुतण्या पुण्यास संगणकाच्या नोकरींत आहे. गेल्या दिवाळींत तो आला असतां आमची ही तारांबळ पाहून म्हणाला, "काका, फोनशीं झटूं नका. त्याचा पडदा मी तुमच्या टेबलावरच्या संगणकावर आणून देतों." त्यानें फोनच्या सेटिंगमध्यें जाऊन 'बिल्ड नंबर' या ओळीवर सात वेळां बोट टेकविलें. सातच कां, असें आम्हीं विचारलें तेव्हां हांसून म्हणाला, "सप्तपदी समजा." त्या सात टिचक्यांनीं एरव्हीं झांकलेलें एक दालन उघडतें, व त्यांत 'यूएसबी डिबगिंग' नांवाची कळ असते. ती चालू करून त्यानें केबल जोडली. फोननें लगेच विचारलें, या संगणकास परवानगी द्यावी काय? पुतण्या म्हणाला, "होय म्हणण्यापूर्वीं एक ध्यानांत ठेवा, काका. ही घराची किल्ली आहे."

'स्क्रीन कॉपी' असा उच्चार होणारा एक फुकट प्रोग्रॅम त्यानें संगणकावर बसविला होता. रोमँ व्हिमाँ नामक प्रोग्रॅमरनें तो २०१८ मध्यें सर्वांस खुला केला. त्याची रीत सोपी आहे. फोन आपल्या पडद्याचें चलच्चित्र केबलमधून संगणकाकडे पाठवीत राहतो, आणि आपण माऊसनें केलेली टिचकी व कळफलकावर दाबलेलीं अक्षरें संगणक फोनकडे परत पाठवितो. त्यास इंटरनेटही लागत नाहीं. बँकेचें पान उघडलें कीं मात्र पुष्कळदां संगणकावर काळोख होतो. अ‍ॅप बनविणारांनीं तेवढ्यापुरता अंतरपाट धरलेला असतो.

आमच्या मनांत तत्काळ शंकराचार्यांची कथा आली. आचार्य अमरुक राजाच्या मृत देहांत शिरून त्या देहानें वावरूं लागले, ही परकायाप्रवेशाची कथा आम्हीं वर्गांत कितीदां तरी रंगवून सांगितली होती. आतां रोज सकाळीं चहा घेतां घेतां आम्हीच तो चमत्कार करीत होतों. मन फुगलें.

ज्येष्ठ बंधूंच्या पश्चात् आमच्या वहिनी, म्हणजे या पुतण्याच्या मातोश्री, इंदापुरास जुन्या घरीं असतात. बारामतीहून इंदापूर सुमारें ५० किलोमीटर. तुकोबांची पालखी ही वाट सणसर, निमगाव केतकी असे मुक्काम करीत चालते. वहिनींच्या फोनांत कांहीं अडलें म्हणजे आम्हांस एसटीनें जावें लागे. तेथवर केबल कशी पोहोंचणार? तेव्हां पुतण्यास न विचारतांच आम्हीं एक शक्कल काढली. इंटरनेटवरून दूरचा फोन चालवितां येईल असें एक अ‍ॅप वहिनींच्या फोनांत घालविलें. त्यांनीं पडद्यावरील अंक आम्हांस वाचून दाखवावे, फोन परवानगी मागेल ती द्यावी, आणि स्वस्थ बसावें. वहिनी विचारीत, "भाऊजी, हें काय विचारतो आहे?" आम्ही म्हणत असूं, "कांहीं नाहीं, विचारील त्याला होय म्हणा." मग इंदापुरांत टेबलावर ठेवलेला फोन आपोआप चालूं लागे, पानें उलटत, वीजबिल भरलें जाई. वहिनींस कौतुक वाटे, व आम्हांस त्याहून अधिक.

माघांतील एका संध्याकाळीं वहिनींचा फोन आला. "भाऊजी, झालें ना तुमचें काम? मघांपासून फोन चालत होता, आतां थांबला." आम्ही तर त्या दिवशीं संगणकाजवळ बसलोंही नव्हतों.

हकीकत अशी कीं, कोणी एकानें वीज-कचेरींतून बोलतों असें सांगून, बिल थकलें असून रात्रीं वीज तोडणार, अशी भीति घातली होती. आधीं कार्डानें १० रुपये भरा म्हणजे नोंद दुरुस्त होईल, असा त्याचा आग्रह. त्यानें मागितलेले अंक वहिनींनीं वाचून दाखविले, फोननें मागितलेली परवानगी दिली, कार्डाचे आंकडे घातले. पुढें फोन आपोआप चालूं लागला, तेव्हां दुसरें कोणीही घाबरलें असतें. वहिनींस मात्र तें दृश्य परिचयाचें होतें. भाऊजीच मदतीस आले असावेत असें समजून त्या देवापाशीं दिवा लावावयास गेल्या. कार्डाचे आंकडे आणि मागाहून आलेला ओटीपी हे दोन्ही चोरास स्वच्छ दिसत होते. वहिनींच्या निवृत्तिवेतनांतील २२,००० रुपये गेले.

आम्हीं तत्काळ फोन बंद करविला, बँकेस कळविलें, आणि १९३० या सरकारी सायबर-तक्रार क्रमांकावर त्याच रात्रीं नोंद करविली. कांहीं रक्कम वाटेंतच अडविली गेली. उरलेली गेली ती गेली. वहिनी एवढेंच म्हणाल्या, "तुम्हीं शिकविलेंत तसेंच मीं केलें." पुतण्या कांहींच बोलला नाहीं.

अशा अ‍ॅपांच्या दुरुपयोगाविषयीं रिझर्व्ह बँकेनें २०१९ च्या फेब्रुवारींतच बँकांस सावध केलें होतें. रोज वर्तमानपत्र वाचणारे आम्ही तें वाचून विसरलों होतों. शंकराचार्यांच्या कथेंतही आमचें सारें लक्ष राजाच्या देहाकडे. तितके दिवस आचार्यांच्या मूळ देहाची गुहेंत राखण करीत बसलेल्या शिष्यांची आठवण आम्हांस त्या रात्रीं झाली.

मुलगा फळ्यावर अडला म्हणजे त्याच्या हातांतील खडू काढून घेऊन गणित आपणच सोडवूं नये, हें आम्हीं नव्या शिक्षकांस कितीदां सांगितलें असेल! वहिनींच्या हातांतला खडू मात्र आम्हींच काढून घेतला, आणि फोननें विचारलेला प्रश्न त्यांस समजावून देण्याचाही कंटाळा केला. चोराचें अर्धें काम आमच्या हातून आधींच झालेलें होतें. घरोघरीं असे हुशार भाऊजी असतील, म्हणून हें लिहिलें.

गेलेली रक्कम आम्ही भरून देऊं लागलों, ती वहिनींनीं घेतली नाहीं. म्हणाल्या, "पैसे नकोत, भाऊजी. तें पान काय विचारतें, तेवढें मला वाचायला शिकवा."

तें अ‍ॅप आतां काढून टाकलें आहे. आमची केबलही काम होतांच निघते व डिबगिंगची कळ बंद होते. दर रविवारीं आम्ही इंदापुरास साधा फोन करितों. वहिनी पडद्यावरील प्रत्येक ओळ मोठ्यानें वाचतात, तिचा अर्थ सांगतात, आणि मगच बोट टेकवितात. माऊसनें दोन मिनिटांत होणाऱ्या कामास आतां अर्धा तास लागतो. लागो.

गेल्या महिन्यांत एका ओळीशीं त्या थांबल्या. "भाऊजी, येथें हा माझे सगळे संपर्क मागतो आहे. कशाला हवेत त्याला?"

आम्हांसही उत्तर ठाऊक नव्हतें.

"मग नाहीं म्हणतें," असें म्हणून त्यांनीं नकारावर बोट टेकविलें.