गेट थांबते, वय थांबत नाही

इंजिनीअरिंगचं तिसरं वर्ष संपता संपता आमच्या वर्गात एकच विषय चालायचा : नोकरीसाठी कॅम्पसला बसायचं की एम.टेक.साठी गेट द्यायची? माझं गेटचं पक्कं होतं. नागपुरातच, व्हीएनआयटीत एम.टेक. करायचं. पण सोनेगावच्या धावपट्टीशेजारी लहानाची मोठी झालेल्या मुलीच्या डोक्यातून विमान जात नाही. त्यात आमच्याच शहरातली अंतरा मेहता महाराष्ट्रातली पहिली महिला फायटर पायलट झाली. मग हवाई दलाच्या फ्लाइंग ब्रँचचा अर्ज भरल्याशिवाय मला राहवेना.

बाबा म्हणाले, "आधी एम.टेक. होऊ दे, मग भर. कोण अडवते तुले?"

मी त्यांना कागदावर हिशेब मांडून दाखवला. वैमानिकाचा कोर्स सुरू होतो त्या दिवशी वय 20 ते 24 च्या आत लागतं. जूनमध्ये एएफकॅटचा, म्हणजे हवाई दलाच्या प्रवेश परीक्षेचा फॉर्म भरला, तर कोर्स पुढच्या वर्षी जुलैत. बी.टेक. होईस्तोवर मी 22 ची, एम.टेक. होईस्तोवर 24 ची, वर निवडीचं एक वर्ष. म्हणजे दार बंद. कमर्शियल पायलटचं लायसन्स असेल तर 26 पर्यंत सवलत मिळते, पण त्या लायसन्सला लाखो रुपये लागतात. उलट गेटचा स्कोर 3 वर्षं चालतो आणि गेटला वयाची अट नाही. बाबांनी कागद नीट वाचला. "भर मग," एवढंच म्हणाले.

फॉर्मआधी आईने शिलाई मशीनच्या खणातला टेप काढला. मला भिंतीला पाठ टेकवून, पाय सरळ पसरून बसवलं आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजलं. वैमानिकाची उंची किमान 162.5 सेंटिमीटर लागते, पायाची लांबी 99 ते 120, मांडी 64 च्या आत आणि बसल्यावरची उंची 81.5 ते 96. कॉकपिटमध्ये पेडलपर्यंत पाय पोचला पाहिजे आणि गुडघा अडकायला नको, म्हणून ही मापं. "बसतेस गं मापात," आई म्हणाली. तिचा आवाज जरा कापला.

लेखी परीक्षेबद्दल फार सांगण्यासारखं नाही. 100 प्रश्न, 300 गुण, चुकीच्या उत्तराला एक गुण वजा. गेटचं गणित करणाऱ्याला तिथलं अंकगणित जड जात नाही. इंग्रजी आणि चालू घडामोडी मात्र रोज वाचाव्या लागतात. लेखी पास झाल्यावर हवाई दलाच्या निवड मंडळासाठी वाराणसी मिळालं. गेट फेब्रुवारीत असते, म्हणून मी डिसेंबरची तारीख निवडली.

पहिल्याच दिवशी स्क्रीनिंगमध्ये चाळणी लागते आणि बरीच मुलं दुपारीच बॅगा उचलतात. उरलेल्यांना मानसशास्त्राच्या चाचण्या, मैदानावरची गटकामं आणि मुलाखत. मुलाखतीत मला विचारलं, एम.टेक.ही करायचंय आणि विमानही उडवायचंय, मग खरं काय? मी वयाचा तोच हिशेब सांगितला आणि म्हटलं, दोन्ही खरं आहे, पण एकाला मुदत आहे. शेवटच्या दिवशी चेस्ट नंबर पुकारले, त्यात माझा होता.

मग आलं सीपीएसएस, म्हणजे वैमानिकाची संगणकावरची चाचणी. हातात स्टिक, पायाखाली पेडल, समोर पडदा. पाय जरा जास्त दाबला की पडद्यावरची खूण पार कडेला जाते, आणि तिला आणायला हात धावला की दुसरीकडचं सुटतं. घाम पुसायलाही हात मोकळा नसतो. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर फ्लाइंग ब्रँच कायमची गेली, मग कितीही अभ्यास करा. हा नियम कठोर आहे, पण मला तो रास्त वाटतो. मी पास झाले. दिल्लीत सुब्रोतो पार्कला वैद्यकीय तपासणीही पार पडली.

आता मेरिट लिस्टची वाट बघतेय. तीही जागांवर ठरते. तपासणीत फिट ठरलेल्या सगळ्यांनाच दुंडीगलच्या अकादमीचं पत्र येत नाही. म्हणून गेट दिली, सीसीएमटीत, म्हणजे एम.टेक.च्या प्रवेश प्रक्रियेत पर्यायही भरले. एएफकॅटमधून मिळणारं शॉर्ट सर्व्हिस कमिशन 14 वर्षांचं असतं. पत्र आलं तरी पस्तिशीनंतर पुन्हा पुस्तकं उघडावी लागणारच, तेव्हा अभ्यास वाया जायचा प्रश्नच नाही.

मुलींना फायटर विमानं 2016 मध्ये प्रयोग म्हणून खुली झाली आणि 2022 मध्ये तो प्रयोग कायम केला गेला. विदर्भातल्या मुलींनो, बारावीत गणित आणि फिजिक्स दोन्ही ठेवा, फ्लाइंग ब्रँचला दोन्हीत 50 टक्के लागतातच. कॉलेजात एनसीसीची एअर विंग असेल तर घ्या. तिच्या 'सी' प्रमाणपत्रावर लेखी परीक्षा न देता थेट निवड मंडळापुढे जाता येतं. आणि पुढच्या शिक्षणासाठी हवाई दलाचा फॉर्म मागे ठेवू नका. तिसरं वर्ष संपताच भरा.