मुसीकाठची चिंच

हैदराबादेत येणारा पाहुणा चारमिनार पाहतो, सालारजंग संग्रहालयात एक दिवस घालवतो, लाडबाजारात बांगड्यांची खरेदी करतो आणि परतताना नयापुलावरून खाली वाहणाऱ्या मुसीकडे नाकाला रुमाल लावून एकदा दृष्टी टाकतो. त्याला दोष कसा द्यावा? विकाराबादजवळच्या अनंतगिरीच्या डोंगरात उगम पावणारी, जुन्या लोकांच्या तोंडी मुचकुंदा या सुंदर नावाने असणारी ही नदी शहरात शिरेपर्यंत सांडपाण्याचा ओढा होऊन जाते. परंतु याच नदीच्या काठी, उस्मानिया दवाखान्याच्या आवारात, एक वृक्ष उभा आहे. तो पाहावयास पाहुणे सहसा जात नाहीत. आम्ही तीन पिढ्यांचे हैदराबादकर. पण खरे सांगावयाचे तर मीसुद्धा वयाची सत्तरी गाठेपर्यंत तो नीट पाहिलेला नव्हता.

गेल्या माघात एका सकाळी नातीला घेऊन तेथे गेलो. तिच्या शाळेत 'आमच्या शहरातील एक जुनी वस्तू' या विषयावर चार ओळी लिहून आणावयाच्या होत्या. वर्गातल्या बहुतेक मुलांनी चारमिनार निवडला होता. मला आजीने सांगितलेली चिंच आठवली.

दवाखान्याची जुनी भव्य वास्तू 2020 मध्ये पावसाचे पाणी शिरल्यानंतर रुग्णांसाठी बंद झाली. तिचे घुमट आता मुके झाल्यासारखे वाटतात. भोवतीची वर्दळ मात्र तशीच आहे. हातात कागद घेऊन धावणारे नातलग, सावलीत डबा सोडून बसलेल्या खेड्यातल्या बाया, कोठे रडणे तर कोठे मुलगा झाल्याची मिठाई. त्या गर्दीतून वाट काढीत आम्ही झाडापाशी आलो. खोड इतके रुंद की नातीने व मी हात पसरले तरी अर्ध्यालाही वेढा पडेना. सालीला खोल भेगा, कोठे मोठी ढोली. पण वरच्या फांद्यांवर कोवळी पालवी आणि पिकल्या चिंचांचे आकडे लोंबत होते.

1908 च्या सप्टेंबर महिन्याच्या 28 तारखेस, सोमवारी, मुसीला महापूर आला. वरच्या अंगाला अतोनात पाऊस झाला आणि नदीच्या खोऱ्यातील दोनशेहून अधिक तलाव एकामागून एक फुटले. एका तलावाचे पाणी खालच्या तलावावर कोसळे, तो फुटून त्याखालच्यावर. त्या एका दिवसात सुमारे 15,000 माणसे दगावली, असा अंदाज आहे. बेघर झालेल्यांची संख्या 80,000 च्या घरात होती. कोळसावाडी, घांसीबाजार यांसारख्या वस्त्या उजाड झाल्या. अफझलपूल, मुसल्लमजंग पूल, चादरघाटचा पूल हे सारे वाहून गेले. 1578 साली कुतुबशाहीत बांधलेला पुराना पूल तेवढा टिकला. त्या प्रलयात सुमारे दीडशे माणसे या चिंचेवर चढून बसली, दोन दिवस अन्नावाचून फांद्यांना बिलगून राहिली आणि वाचली.

माझी आजी त्या वेळी आठ वर्षांची होती. त्यांचे बिऱ्हाड गौळीगुड्यात होते. माडीवर पाणी चढू लागले तेव्हा शेजारच्या उंच घरातून एक लुगडे दोराप्रमाणे फेकण्यात आले आणि ही सारी मंडळी त्या घराच्या गच्चीवर ओढून घेतली गेली. ते घर मुसलमान अत्तरवाल्याचे. आजीची आत्या बालविधवा, कडक सोवळ्यातली. परक्याच्या हातचे पाणीसुद्धा न घेणारी. पहिला दिवस तिने कोरडा काढला. दुसऱ्या दिवशी अत्तरवाल्याच्या म्हाताऱ्या आईने मूठभर फुटाणे तिच्यापुढे ठेवले आणि म्हटले, "बहन, अल्लाह ने भेजे हैं, मैं ने नहीं।" आत्याने ते फुटाणे खाल्ले.

आजी ही हकीकत सांगून येथेच थांबत नसे. पाणी ओसरल्यावर आत्याने भटजींना विचारून प्रायश्चित्त घेतले, हेही ती तितक्याच सरळपणे सांगे. लहानपणी मला त्या आत्याचा राग येई. आजी मात्र हसून पुढे म्हणे, "अरे, प्रायश्चित्त घेतलं ते एकदाच. पण दर वर्षी त्या दिवशी शेरभर फुटाणे त्या घरी जात, ते तिच्या मरणापर्यंत." रूढी तिला मोडता आली नाही, कृतज्ञताही सोडता आली नाही. दोन्ही तिने आपल्या परीने सांभाळल्या.

त्या संकटात या शहराने पुष्कळ काही सांभाळले. सहावे निझाम महबूब अली खान यांनी बेघरांसाठी राजवाड्याचे दरवाजे उघडले, मोफत भोजनाची व्यवस्था केली. त्यांनी नदीकाठी जाऊन हिंदू रिवाजाप्रमाणे मुसीची पूजा केली, अशी आख्यायिका येथे दोन्ही समाजांत आवडीने सांगितली जाते. उर्दू कवी अमजद हैदराबादी यांची आई, पत्नी व कन्या या पुरात डोळ्यांदेखत गेली. एकटा वाचलेला हा माणूस पुढे अर्धे शतक जगला आणि रुबाईचा थोर कवी म्हणून ओळखला गेला. इतके गमावलेल्या माणसाने परमेश्वराशी भांडत न बसता त्याच्याशी बोलत राहावे, याला केवळ काव्यशक्ती म्हणता येत नाही.

पुढच्याच वर्षी, 1909 मध्ये, पुण्याच्या इंजिनीअरिंग महाविद्यालयात शिकलेले आणि मुंबई इलाख्यात नोकरी केलेले मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या यांना निझाम सरकारने पाचारण केले. नदीला शहरात भिंती घालून भागणार नाही, तिचे पाणी शहराच्या वरच अडवले पाहिजे, असा त्यांच्या योजनेचा गाभा होता. त्यातून मुसीवर 1920 साली उस्मानसागर आणि तिची उपनदी ईसीवर 1927 साली हिमायतसागर पुरा झाला. महबूब अली खान 1911 सालीच निवर्तले होते. ज्याने संकल्प केला त्याने जलाशय पाहिला नाही. गंडीपेठचे गोड पाणी पिऊन वाढलेल्या आमच्या पिढीला याची जाणीव किती होती? आम्हाला ते नळातून आपोआप येते, एवढेच ठाऊक.

चिंचेखाली उभे राहून मी हे सारे नातीला सांगत होतो. तिने मध्येच विचारले, "आजोबा, मग आता पूर येत नाही ना?"

काय उत्तर द्यावे? 2020 च्या ऑक्टोबरात अतिवृष्टी झाली, काही तलावांचे बांध फुटले आणि कित्येक वसाहती पाण्याखाली गेल्या. 2025 च्या सप्टेंबरात मुसी फुगली तेव्हा नदीपात्रालगतच्या महात्मा गांधी बसस्थानकात पाणी शिरून प्रवासी अडकले. पाऊस पूर्वीही पडत होता. पण जेथे पाणी मावत असे त्या तलावांवर आम्ही इमारती उभ्या केल्या, आणि त्यांतल्या काही इमारतींना तलावांचीच नावे दिली. दोन्ही जलाशयांच्या रक्षणासाठी भोवतालच्या दहा किलोमीटरच्या पट्ट्यात 1996 मध्ये बांधकामावर निर्बंध घातले गेले. 2022 मध्ये ते उठवण्याचा आदेश निघाला. एका पिढीने पुढच्या पिढ्यांसाठी पाणी साठवले. आमच्या पिढीने त्याच जमिनीचा भाव चौरस फुटांत काढला. मूल्ये बदलतात म्हणजे काय, याचे याहून स्पष्ट उदाहरण मला दुसरे सुचत नाही.

तथापि 'आमच्या वेळी असे नव्हते' हे म्हाताऱ्यांचे पालुपद मी आळवणार नाही. आत्याचे सोवळे गेले, हे उत्तमच झाले. बालविधवेचे ते कोरडे जिणे गेले, हे त्याहून उत्तम. 2020 च्या त्या रात्री माझ्या मुलाच्या इमारतीतही तळमजला बुडाला होता. सहा वर्षे एकाच जिन्याने चढणारी आणि एकमेकांची नावे न जाणणारी बिऱ्हाडे त्या रात्री गच्चीवर एकत्र आली. एका तेलुगू घरातून भात आला, एका मारवाडी घरातून लोणचे, सुनेने पिठले केले. तळमजल्यावरच्या पहारेकऱ्याचे कुटुंब दहा दिवस आमच्या बैठकीत राहिले आणि कोणी प्रायश्चित्त घेतले नाही. अत्तरवाल्याच्या आईची मूठ अजून या शहरात उघडते. उणीव आहे ती पाणी ओसरल्यानंतरच्या आठवणीची. आत्या दर वर्षी फुटाणे पाठवीत असे. आमच्या इमारतीतली दारे महिन्याभरात पूर्ववत बंद झाली.

दर 28 सप्टेंबरला काही जाणती माणसे या चिंचेखाली जमतात आणि पुरात गेलेल्यांचे स्मरण करतात. ती संख्येने थोडी असतात. पण झाडानेही शहरातल्या थोड्यांनाच वाचवले होते, म्हणून त्याची थोरवी उणावत नाही. आणि ही चिंच कोणी लावली असेल? ज्याने लावली त्याच्या मनात पुराचा विचार असणे शक्य नाही. सावली मिळेल, चिंचा मिळतील, एवढेच त्याला दिसले असेल. संकटात हाताला लागणारा आधार असा फार पूर्वी, काही न मागता, रुजवून ठेवलेला असतो. ऐन पुरात झाड लावता येत नाही.

निघताना नातीने खाली पडलेल्या चिंचा ओढणीत गोळा केल्या. घरी येऊन तिने चिंचोके भिजत घातले आणि पाच-सहा कुंडीत पुरले. त्यांतला एक उगवला. चार बोटांचे रोप गॅलरीत वाऱ्याने डोलू लागले तेव्हा तिने विचारले, "आजोबा, याला मोठं व्हायला जमीन कुठली द्यायची?"

आमच्या इमारतीभोवती सारी फरशी आहे. सोसायटीच्या येत्या सभेत दोन फरश्या उखडून मागाव्यात, असे मी ठरवले आहे. मिळतील की नाही, सांगता येत नाही. पण त्या निमित्ताने बंद झालेली दारे एकेक करून ठोठावण्यास मी सुरुवात केली आहे. पहिल्याच घरी चहा मिळाला.