तीन बोटांचा हिशेब

ब्यूगल ऐकतांना त्यांतील एक उणीव सुजाण कानास तेव्हांच जाणवते. सा, प, वरचा सा, त्यापुढील ग आणि प एवढ्याच स्वरांवर त्याचा संसार चालतो. हा दोष वाजविणाराचा नव्हे. ठराविक लांबीच्या नळींतील हवा ठराविक रीतींनींच कंप पावते. ओठ आवळून किंवा सैल सोडून तिला एका पायरीवरून दुसरीवर नेतां येतें, परंतु मधल्या पायऱ्या तिच्यापाशीं नाहींत. आपली तुतारीही याच बंधनांत आहे.

हें बंधन तोडण्यासाठीं हाइनरिक श्टोल्त्सेल व फ्रीडरिक ब्ल्यूमेल यांनीं १८१८ सालीं प्रशियांत व्हॉल्व्हचें पेटंट घेतलें. पुढें १८३९ सालीं पॅरिसच्या फ्रान्स्वा पेरीने यानें त्यास आज ट्रंपेटवर व कॉर्नेटवर दिसणारें रूप दिलें. युक्ति साधी आहे. उभ्या नळकांड्यांत भोकें असलेला एक दट्ट्या वरखालीं सरकतो. तो वर असतां हवेची वाट सरळ असते. बोटानें दाबतांच दुसरीं भोकें समोर येतात व त्या वाटेस एका जादा नळीचा वळसा पडतो. नळी लांबली कीं स्वर उतरतो. बोट उचललें कीं स्प्रिंग दट्ट्यास पूर्वस्थळीं आणते. मधला व्हॉल्व्ह अर्धा स्वर उतरवितो, पहिला एक व तिसरा दीड. तिन्ही मिळून सहा अर्धे स्वर झाले. आणि सा व प यांच्यामध्यें ब्यूगलाच्या पायऱ्याही नेमक्या सहाच उण्या असतात!

हें गणित कळलें तेव्हां मला परमानंद झाला. परंतु कॉर्नेटवर खालचा कोमल रे वाजवूं लागलों कीं तो चढाच लागे. बोटें तर बरोबर पडत होतीं. मग चूक कोठें?

चूक बेरजेंत आहे. नेहमींच्या ट्रंपेटची वा कॉर्नेटची नळी सुमारें १४८ सेंटिमीटर असते. तिच्या मानानें मधल्या व्हॉल्व्हला ९, पहिल्यास १८ व तिसऱ्यास २८ सेंटिमीटरांची जोडनळी लागते. एकेकट्याचा हिशेब चोख असतो. परंतु कोमल रे साठीं तिन्ही एकदम दाबले तर जोड ५५ सेंटिमीटर होते आणि हवी असते सुमारें ६१. कारण पहिला व्हॉल्व्ह दाबतांच नळी लांबलेली असते आणि लांब नळीस तितकाच स्वर उतरविण्यास अधिक जोड लागते. तिसऱ्या व्हॉल्व्हला ही वार्ता ठाऊक नसते. तो आपल्या २८ सेंटिमीटरांवर अडून राहतो.

पुष्कळ ट्रंपेटांवर यासाठीं तिसऱ्या जोडनळीस एक कडी असते. डाव्या हाताच्या बोटानें ती नळी किंचित् बाहेर सारतां येते. जेथें ती सोय नाहीं, तेथें ओठ सैल करून स्वर उतरवावा लागतो. दोन्ही प्रकारीं किती, हें ठरवितो तो कानच.

बँडमध्यें नवशिक्याचा खालचा स्वर बेसूर निघाला कीं "तुला कान नाहीं" असें म्हणून त्यास मागें बसविलें जातें, याचें मला फार वाईट वाटतें. वस्तुतः त्यानें सांगितल्याप्रमाणें तिन्ही बोटें दाबलेलीं असतात. माझें नम्र मत असें कीं, वाद्य हातीं देतांना पहिल्याच दिवशीं हे सहा सेंटिमीटर त्यास समजावून द्यावेत. म्हणजे तो लाजून वाद्य खालीं ठेवणार नाहीं. शेजारच्याचा स्वर ऐकून आपला त्यास मिळवूं लागेल.